चाळणीवर राहिलेलं नाणं

३ नोव्हेंबर, सोमवार

ही वही आतोबांनी दिली. पहिल्या अकरा पानांवर त्यांच्या हातची जुन्या नाण्यांची यादी आहे, ती पानं मी डिंकाने चिकटवून बंद केली. बाकीची वही माझी. "डोक्यात उकळतं ते इथे ओत," म्हणाले, "गिऱ्हाइकांवर नको." कारण परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, तुमच्या पेटीतली निम्मी नाणी खोटी असतील. मी म्हणालो, तुमचे निम्मे दात खोटे दिसताहेत, आधी त्यांचं बघा. आतोबा हसले नाहीत. रात्री आत्याचा फोन आला तेव्हा ती मात्र खदखदत होती, म्हणजे घरी जाऊन त्यांनी सांगितलं असणार.

कॉलेजचं एकदाच लिहितो आणि संपवतो. प्रयोगवही माझी होती, आकडे माझे होते. सरांनी भर वर्गात "उतरवलेली आहे" म्हणून ती टेबलावर आपटली. मी ती उचलून खिडकीबाहेर फेकली. दुसऱ्या मजल्यावरून ती शिपायाच्या सायकलीवर पडली. माफी मागितली असती तर मिटलं असतं, असं सगळे म्हणतात. जे मी केलंच नाही, ते केलं म्हणून कबूल करू? मेलो तरी नाही.

बाबा तेव्हापासून माझ्याशी आईमार्फत बोलतात. समोरच्या पाटावर बसून तिला म्हणतात, "त्याला विचार, दिवा कोण बंद करणार." आई माझ्याकडे बघते, मी दिवा बंद करतो. एका घरात दुभाषी लागतो.

म्हणून आतोबांचं दुकान. आत्याचे यजमान चाळीस वर्षं जुनी नाणी घेतात-विकतात, पण त्यांची खरी ओळख चुकलेल्या नाण्यांसाठी. टांकसाळीतून बिघडून बाहेर पडलेली. आज त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. कोरी चकती दोन ठशांच्या मध्ये येते, भोवती पोलादी कडं असतं, वरून दाब बसतो, नाणं तयार. मग सगळी नाणी चाळणीवर जातात. बरोबर मापाची भोकांतून खाली पडतात. वाकडी आणि मोठी वर राहतात, ती परत भट्टीत.

"मग आपल्याकडे येतात ती?"

"चाळणीला चुकवून आलेली."

"म्हणजे किंमत चुकीची, की चुकवण्याची?"

आतोबांनी भिंग डोळ्यावरून काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. "काडेपेटी, तुला डोकं आहे. फक्त ते पेटलेलं असतं." तेव्हापासून काडेपेटी हेच माझं नाव.

६ नोव्हेंबर, गुरुवार

परीक्षेत नापास. कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडा नसलेलं नाणं हातात दिलं आणि किंमत सांग म्हणाले. मी फुशारकीने मोठा आकडा सांगितला. आतोबांनी नाणं फिरवून समोरची कड दाखवली. चकती आधीच कापलेली असेल तर तिथे धातू नसतो, त्यामुळे बरोबर समोरच्या कडेवरही दाब नीट बसत नाही, ती कड पुसट राहते. या नाण्याची समोरची कड मात्र ठसठशीत होती. म्हणजे नाणं पूर्ण बनलं होतं, आणि नंतर कोणीतरी कानस घेऊन बसलं होतं.

"जिथे चूक दिसते तिथे बघूच नकोस," म्हणाले. "तिच्या समोर बघ."

मग सगळ्यात खालचा खण उघडला. त्यात नुसती खोटी नाणी, प्रत्येकाखाली चिठ्ठी, "बनावट" आणि कसं केलं ते. कानशीने, तेजाबाने, व्हाइसच्या लोखंडी जबड्यात दाबून. हा खण विकायला नाही, शिकायला. चिठ्ठ्या आता मी लिहायच्या, कारण माझं अक्षर चांगलं आहे. कॉलेजचा तेवढाच उपयोग.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ती दुकानात आली.

समोरच्या चष्म्याच्या दुकानातली. मी महिनाभर काचेतून तिला बघतोय, ती लोकांच्या नाकावर चष्मे बसवते आणि दोन पावलं मागे जाऊन मान तिरकी करते. आज तीच मान आमच्या गल्ल्यासमोर तिरकी झाली आणि माझ्या हातातला ट्रे कलंडला. एकोणीस नाणी जमिनीवर. ती खाली बसून गोळा करायला लागली. आतोबा म्हणाले, "राहू द्या, हा रोज पाडतो." रोज पाडत नाही.

चष्म्याच्या डबीतून तिने कापसात गुंडाळलेलं नाणं काढलं. एका बाजूला जहाज, उठावाचं, नेहमीसारखं. उलटवलं तर तिथे आकडा हवा, पण तिथेही जहाजच. उलटं, आरशातल्यासारखं आणि आत रुतलेलं, ओल्या मातीत पाऊल उमटावं तसं. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं की पुढची चकती त्याच्यावर दाबली जाते, तेव्हा असं होतं. पुस्तकात पाहिलं होतं. हातात कधीच नाही.

आतोबांनी बराच वेळ पाहिलं. मोजमापाची पट्टी लावली, पण आकडा मोठ्याने वाचला नाही. मग विचारलं, हे कुठून आलं. घरात होतं, म्हणाली. वडील काय करतात? तिने डबीचं झाकण दोनदा उघडलं-मिटलं. "मशीनवर असतात."

आतोबांनी नाणं पुन्हा कापसात ठेवलं. "पोरी, यावर जेवढी किंमत छापली असती तेवढीच याची किंमत. घरी ने. जिथून घेतलंस तिथे ठेव आणि कोणाला दाखवू नकोस."

तिचा चेहरा उतरला. थँक्यू म्हणून गेली.

डोळ्यांसमोर लबाडी! स्वस्तात हवं असेल म्हणून आधी कवडीमोल ठरवायचं, मग महिन्याभराने तीच परत येईल. मी विचारलं तर म्हणाले, "धूळ पूस." चाळीस वर्षांची अब्रू अशीच कमावली असणार. आज मला या माणसाची शिसारी आली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आतोबांच्या भिंगाचा स्क्रू मी मुद्दाम सैल केला आणि तो बसवून घ्यायला समोर गेलो. तिने बोटभर पेचकसाने अर्ध्या मिनिटात बसवला, पैसे घेतले नाहीत. मी खालच्या आवाजात सांगून टाकलं, तुमचं नाणं अस्सल आहे, त्यांनी फसवलं तुम्हाला, पुढचं माझ्यावर सोडा. ती माझ्याकडे बघतच राहिली. अशा नजरेने माझ्याकडे आजवर कोणी पाहिलेलं नाही.

तिला पैसे हवेत, कारण दुसऱ्या शहरात डोळे तपासायचं शिक्षण मिळतंय, खोलीची अनामत भरायची आहे. "मला इथून जायचंय," म्हणाली. मलाही जायचंय. मी तसं बोललो नाही, पण तिला कळलं असावं.

अजून "तुम्ही" म्हणते. संस्कार.

बाहेर मोटारसायकलवर एक लंबू थांबला होता. हेल्मेट दोन. मी विचारलं कोण, तर म्हणाली, "घरचाच समजा." मावसभाऊ वगैरे असावा. त्याच्याशी जपून वागलं पाहिजे, उद्या त्याचाही शब्द लागेल.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नाणं माझ्याकडे आहे. तिने विश्वासाने दिलं. आतोबा जेवायला गेले तेव्हा तपासलं. वजन बरोबर. रुतलेलं जहाज शेवटच्या दोरीपर्यंत रेखीव. समोर बघितलं (शिकवलेलं विसरलो नाही): उठावाच्या जहाजाची डोलकाठी चपटलेली नाही, कडेवर लोखंडी जबड्याचे दात नाहीत. व्हाइसमध्ये दाबलेलं असतं तर दोन्ही ठिकाणी दिसलं असतं. शिवाय कड्याच्या बाहेर दाब बसल्यामुळे नाणं पसरलंय, व्यास नेहमीपेक्षा तीन मिलिमीटर जास्त. एका नाण्यात दोन चुका. सुबक अक्षरात चिठ्ठी लिहिली, त्यात ते तीन मिलिमीटर खाली रेघ मारून लिहिले.

२९ तारखेला नाणेसंग्राहकांचं प्रदर्शन आहे. तिथे मांडणार, माझ्या नावावर. आतोबांचं नाव नको.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज अर्धा तास तिच्याबरोबर. बसथांब्याच्या बाकावर. सगळं लिहितो.

ते नाणं तिच्या जन्माच्या दिवसाचं आहे. तिचे वडील टांकसाळीत प्रेसवर असतात, एकतीस वर्षं. त्या दिवशी शिपाई धावत सांगायला आला, मुलगी झाली. त्यांनी मान वळवली आणि तेवढ्यात यंत्र अडकलं. दार उघडून त्यांनी हाताने ते नाणं काढलं, तर त्याला दोन्हीकडे जहाज, एक बाहेर आलेलं, एक आत गेलेलं. म्हणाले, एक मी, एक पोरगी. तेव्हापासून ते त्यांच्या दाढीच्या डब्यात आहे. आता फेब्रुवारीअखेर निवृत्त होताहेत. त्यांना न सांगता तिने ते आणलं, विकलं गेलं की सांगणार आहे.

"फक्त एक करा," म्हणाली. "बाबांचं नाव कुठे येऊ देऊ नका. ते कुठे काम करतात तेही नको."

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. किती नम्र माणसं! एवढी मोठी गोष्ट आणि श्रेय नको.

लंबू आला, तिला हेल्मेट दिलं, पट्टा स्वतः लावला. माझ्याशी हात मिळवला. मावसभाऊ असावा तर असा.

२९ नोव्हेंबर, शनिवार

संपलं सगळं.

सकाळी मांडलं तेव्हा टेबलाभोवती गर्दी. एकाने फोटो काढला, एकाने माझं नाव विचारलं. ती दुपारी आली, खांबाशी उभी राहिली. मला वाटलं हा माझा दिवस.

मग टोपीवाला आला, आतोबांचा जुना स्पर्धक, डोक्यावरची टोपी झोपेतही न काढणारा. भिंग न लावताच हसला. "व्हाइसचं काम. पोरा, चांगलं दाबलंस."

मी म्हणालो, डोलकाठी बघा, कड बघा. तो लोकांकडे वळून म्हणाला की कॉलेजात प्रयोग उतरवायचा, आता नाणी उतरवतोय. त्याला कोणी सांगितलं होतं देव जाणे. लोक हसले. ती बघत होती.

पुढचं मी बोललो की माझ्या तोंडातून कोणी बोललं, ठाऊक नाही. बोट तिच्याकडे करून मी ओरडलो, "यांच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी टांकसाळीच्या प्रेसमधून काढलंय हे, एकतीस वर्षं नोकरी आहे त्यांची, विचारा यांना!"

कोणी हसलं नाही. मला वाटलं, जिंकलो.

शेजारच्या टेबलावर टांकसाळीचा स्वतःचा स्टॉल होता, नवी नाणी विकायचा. तिथला अधिकारी उठून शांतपणे आला. माझी चिठ्ठी वाचली, तीन मिलिमीटरच्या रेघेवर नख ठेवलं, फोटो काढला. समितीच्या अध्यक्षांशी कुजबुजला. बुधवारी नाणं घेऊन या, म्हणाले, चौकशी आहे. मी खांबाकडे पाहिलं तर तिथे फक्त खांब.

३० नोव्हेंबर, रविवार

आतोबांना कोणीतरी कालच कळवलं होतं. ओरडतील म्हणून मी तयारीने गेलो होतो, उत्तरंसुद्धा पाठ. ते म्हणाले, "तुझी चिठ्ठी वाच."

वाचली.

"व्यासाचं परत वाच."

परत वाचली.

"हे चाळणीतून खाली कसं पडलं?"

मी स्टुलावर बसलो. पडूच शकत नाही. तीन मिलिमीटरने मोठं नाणं कुठल्याही भोकातून खाली जाणार नाही, ते चाळणीवर राहणार आणि भट्टीत जाणार. ते बाहेर आलं म्हणजे कोणाच्या तरी खिशातून आलं. पहिल्याच धड्यात शिकवलेली गोष्ट. मी तिच्याखाली रेघ मारून ती गावभर दाखवली.

"नाणं खरं आहे हे मला पट्टी लावताच कळलं," आतोबा म्हणाले. "म्हणून तर खोटी किंमत सांगितली. हे खरं ठरलं की तिचा बाप चोर ठरतो. निवृत्तीला तीनच महिने राहिलेत त्याच्या, तेही काल कळलं. नोकरी जाईल, पेन्शन जाईल, वर खटला."

आणि मी यांना लबाड म्हणालो होतो. याच वहीत. ते पान फाडणार होतो, पण राहू दे.

दुपारी ती आली. डोळे कोरडे. लंबू बाहेर गाडी चालूच ठेवून उभा. आधी तिने एकच वाक्य उच्चारलं, "मी तुम्हाला सांगितलं होतं, बाबांचं नाव नको." मी काय म्हणालो ते लिहीत नाही, कारण त्यात एकही वाक्य पूर्ण नव्हतं. वडिलांना तिने रात्रीच सगळं सांगितलं. ते म्हणाले वितळवून टाका. पण आता फोटो आहेत, बुधवारी नाणं दाखवावंच लागणार.

तेव्हा मला सुचलं. या डोक्यातून आजवर निघालेली एकमेव कामाची गोष्ट.

"ते खोटं करू."

आतोबांनी चष्मा पुसला. पुसत राहिले. "चाळीस वर्षांत मी नाण्याला कानस लावलेली नाही."

"मी लावतो."

ती आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी म्हणाली, "करा. मला दाखवू नका."

२ डिसेंबर, मंगळवार

आतोबांनी भर दुपारी शटर अर्धं ओढलं. शेजारच्या शिंप्याने विचारलं, कोणी गेलं का. आतोबा म्हणाले, अजून नाही.

मागच्या खोलीत पेट्या दुरुस्त करायचा व्हाइस आहे. आतोबा दाराशी पाठ करून बसले आणि तिथून सांगत राहिले. खोटं ओळखायला जे जे शिकवलं होतं, तेच त्याच क्रमाने. फक्त आता करायला. डोलकाठी चपटी कर. फार नाही, टोकाला. कड जबड्यात धर, दात उमटू देत. आता थोडं फिरवून परत धर, नवशिका एकदा चुकतोच. हातोडीने कडेला ठोक, म्हणजे पसरलंय ते ठोकून पसरवल्यासारखं वाटेल. चमक जाईल तिथे बोट घास.

पहिला दाब दिला तेव्हा धातू कुरकुरला. मी थांबलो. पाठमोरेच म्हणाले, "थांबू नकोस, दोनदा मारावं लागतं मग."

रुतलेल्या जहाजाला फारसं काही करावं लागलं नाही. तिथल्या चार दोऱ्या फक्त बुजवल्या.

अर्ध्या तासात झालं. आतोबांनी भिंगाखाली धरलं. "छान खोटं झालंय," म्हणाले, आणि शटर वर केलं.

३ डिसेंबर, बुधवार

समितीची खोली, लांब टेबल, चार खुर्च्या पलीकडे, अलीकडे एकही नाही. अध्यक्ष, त्यांचा सचिव, टोपीवाला, टांकसाळीचा अधिकारी. आम्ही उभे.

मी सांगितलं की नाणं मी बनवलं. आतोबांच्या व्हाइसवर, त्यांना न विचारता. त्या मुलीवर छाप पाडायची होती. तिचे वडील टांकसाळीत आहेत एवढंच मला माहीत होतं, बाकी गोष्ट मी तिथल्या तिथे रचली.

"म्हणजे तू खोटं केलंस," अध्यक्ष म्हणाले.

"हो."

"मोठ्याने."

"हो. मीच केलं."

टोपीवाला खुर्चीत मागे रेलला. मी वही फेकली तेव्हाची खिडकी आठवली. इथेही एक खिडकी होती, बंद.

अधिकाऱ्याने नाणं भिंगाखाली घेतलं आणि फार वेळ घेतला. मग म्हणाला, "खुणा ताज्या आहेत."

आतोबा पुढे झाले. मुलगा अर्धशिक्षित आहे, म्हणाले, प्रदर्शनात हसू झालं म्हणून काल पुन्हा सुधारायला बसला, आणखी वाट लावली. मी पकडलं तेव्हा त्याच्या हातात हातोडी होती, म्हणाले.

"तुमचं मत?" अधिकाऱ्याने विचारलं. "तुमचा शब्द आम्ही लिहून घेतो."

"खोटं आहे," आतोबा म्हणाले.

अधिकाऱ्याने आतोबांकडे पाहिलं, नाण्याकडे पाहिलं, कागदाच्या खालच्या बाजूला सही केली. नाणं त्यांच्या हातात परत देताना म्हणाला, "सांभाळून ठेवा. अशी शिकायला बरी पडतात." तो काय समजला, मला कळलं नाही. आतोबांना विचारलं तर म्हणाले, "सगळंच कळायला हवं असं नाही."

मला प्रदर्शनात कायमची बंदी. आतोबांना पाच वर्षं तज्ज्ञ म्हणून कोणी बोलावणार नाही, कारण त्यांच्या दुकानात बनावट माल तयार झाला. जिन्यावरून उतरताना ते दोनदा थांबले. गुडघे, म्हणाले.

घरी बातमी आमच्याआधी पोचली होती. बाबांनी आज तीन महिन्यांनी मला थेट विचारलं.

"तू केलंस हे?"

आई स्वयंपाकघराच्या दारात. तिला तरी सांगावं असं वाटलं. पण आईकडून बाबांना, बाबांकडून कचेरीत, तिथून कुठे. मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली, जणू आकडा जुळला. मग आईला म्हणाले, "त्याला जेवायला वाढ."

९ डिसेंबर, मंगळवार

तिचे वडील दुकानात आले. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. प्रेसच्या आवाजाने दोन्ही कान गेलेले, त्यामुळे स्वतः बोलतात तेही प्रेसच्या वरताण. मी घाबरून शटरकडे धावलो, पण ते एवढंच म्हणाले, "खोटं नाणं बघायला आलोय." शिंपीसुद्धा डोकावला.

मी ते मखमलीवर ठेवलं. त्यांनी भिंग मागितलं नाही. अंगठा फिरवला. चपटी डोलकाठी, कडेचे दात. प्रत्येक खुणेवर अंगठा थांबत होता आणि मला हातोडीचा तो तो ठोका ऐकू येत होता. मग उलटवलं आणि आत रुतलेल्या जहाजात अंगठा ठेवला. तो तिथे बरोबर बसतो. चोवीस वर्षांची सवय असणार.

"घरी नेता येणार नाही," ओरडले.

आतोबांनी मान हलवली. नाही.

"मग इथेच असू दे."

मी माफी मागितली. त्यांना ऐकू गेली नसावी, कारण ते म्हणाले, "नको, चहा नको."

ते गेल्यावर आतोबांनी चिठ्ठी लिहायला सांगितली. लिहिली. "बनावट. व्हाइसमध्ये दाबून आणि ठोकून." तयार करणाऱ्याचं नाव असेल तर तेही लिहायची पद्धत आहे. लिहिलं. अक्षर चांगलं आलं. सगळ्यात खालच्या खणात, उजव्या कोपऱ्यात.

२१ डिसेंबर, रविवार

ती गेली. अनामतीचे पैसे कुठून आले ठाऊक नाही. लंबूने मोटारसायकल विकली असं शिंपी म्हणतो. भाऊ असावा तर असा, हे मी आधीच लिहिलंय.

जायच्या आधी दुकानात आली. आतोबांच्या पाया पडली. माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही जे केलंत ते मी विसरणार नाही." कुठलं, ते विचारायचं धाडस झालं नाही. दोन्ही मीच केलंय. मी तिला पत्ता मागितला. बाबांकडे आहे, म्हणाली.

आज स्क्रू आपोआप सैल झाला. समोर आता एक टकला माणूस बसतो. त्याने पैसे घेतले.

८ मार्च, रविवार

मधे लिहिण्यासारखं काही नव्हतं. गिऱ्हाइकं निम्म्यावर आली आहेत. आतोबा मात्र शिकवायचे थांबले नाहीत. कालच त्यांनी मला समोरची कड पुसट असलेलं एक नाणं दिलं, मी दहा मिनिटं पाहून "खरं" म्हणालो, आणि ते "विचार का केलास इतका?" म्हणाले. पूर्वी मी विचार करत नव्हतो म्हणून ओरडायचे.

तिचे वडील फेब्रुवारीअखेर निवृत्त झाले. पेन्शनचे कागद हातात आले. आज सकाळी आले तेच मुळी नवा शर्ट घालून. आता बहुतेक रविवारी येतात, मी न सांगता खालचा खण उघडतो आणि स्टूल पुढे करतो. ते अंगठा त्या जहाजात ठेवून दहा-पंधरा मिनिटं बसतात. गिऱ्हाईक असलं तर मी सांगतो, हे खोटं कसं ओळखायचं ते शिकताहेत.

आज त्यांनी खिशातून फोटो काढला. ती, पांढऱ्या कोटात, कोणाचे तरी डोळे तपासत. मान तिरकी. फोटो मी बघत असतानाच त्यांनी तो मागून घेतला आणि दुसरा दिला. ती आणि लंबू, एका बाकावर, हेल्मेट नाहीत.

"पोरगा चांगला आहे," ते म्हणाले, शिंप्यापर्यंत ऐकू जाईल असं. "सहा वर्षं थांबला हिच्यासाठी. गाडी विकली. पुढच्या महिन्यात लग्न आहे."

आतोबांनी हातातलं भिंग पुसायला घेतलं. ते स्वच्छच होतं.

"तुला बोलवायचंच म्हणते ती," तिचे वडील म्हणाले. "पहिलं बोलावणं तुला, म्हणते. येशील ना?"

मी त्यांच्या हातातून नाणं घेतलं, मखमलीने पुसलं, चिठ्ठीवर ठेवलं, खण ढकलला. तो नेहमी शेवटी अडकतो, गुडघ्याने रेटावा लागतो.

मग हो म्हणालो. दोनदा म्हणावं लागलं, पहिलं त्यांना ऐकू गेलं नाही.